उलटा हॉट रॉड : बदललेली गाडी वाचायची कशी?

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, “विषय आवडलाय, पण साधनंच मिळत नाहीत. सोडून देऊ का?” याचं उत्तर मी एका जीपच्या गोष्टीतून देतो. त्या गोष्टीत माझी एक चूक आहे. ती तुम्ही करू नका.

माझं आजोळ कोऱ्हाळे बुद्रुक, नीरा-बारामती रस्त्यावरचं. मामांच्या गोठ्याशेजारी एक जुनी जीप उभी असायची. समोरून बघाल तर विलीज. स्टार्टर मारला की आवाज मात्र मॅटाडोरचा! मूळचं पेट्रोल इंजिन काढून मामांनी तिला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. लहानपणी त्यात काही वेगळं वाटलं नाही. एम.एस्सी. फिजिक्स करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो आणि अमेरिकेतल्या हॉट रॉडबद्दल वाचायला लागलो, तेव्हा ती जीप आठवली.

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तात मिळालेली अमेरिकन गाडी घेऊन ती जास्त वेगाने पळावी म्हणून घरच्या घरी बदलणं. याचं मोठं केंद्र दक्षिण कॅलिफोर्निया. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं, ३.६ लिटरचं, ६५ हॉर्सपॉवरचं. तिथली पोरं मडगार्ड काढायची, टप कापून खाली आणायची, इंजिनावर काम करायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांवर शर्यती लावायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून संघटना काढली आणि १९४८ मध्ये या छंदाला वाहिलेलं मासिक सुरू झालं. हिशोब साधा होता. न्यूटनचा दुसरा नियम आठवा : बल वाढवा, वस्तुमान कमी करा, त्वरण वाढतं.

पण हे शक्य का झालं? कारण त्या काळच्या गाड्यांमध्ये चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असायची. बोल्ट काढून बॉडी उचलली तरी खाली चाकं, इंजिन, गिअरबॉक्स सगळं जागेवर राहायचं. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये बॉडीच सांगाड्याचं काम करते, त्यामुळे तिथे कापाकापी फार जपून करावी लागते.

आता आपल्याकडे या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली. प्रीमियरने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ जोडल्या. महिंद्रांनी त्याच सुमारास विलीज जीप आणली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या काळातल्या एसटीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर अशा अमेरिकन गाड्याही होत्या आणि त्यांच्या बॉड्या लाकडी असत. म्हणजे चासी परदेशी आणि वरचं काम सुताराचं, ही पद्धत आपल्याला नवी नव्हती.

मग धोरण बदललं. ज्या कंपन्या इथे उत्पादन करणार नाहीत, नुसती जोडणी करणार, त्यांना जागा उरली नाही. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. गाड्या रस्त्यावर राहिल्या, पण त्यांचे पार्ट मिळेनासे झाले. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. मोठं अमेरिकन पेट्रोल इंजिन पोसणं म्हणजे पांढरा हत्ती पाळणं होतं.

इथे मिस्त्री पुढे आला. विलीजचं मूळ इंजिन २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं, कॉम्प्रेशन रेशो साधारण साडेसहा. डिझेल इंजिनात तो वीसच्या आसपास असतो, म्हणून तेवढ्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय डिझेल स्वस्त. पण दुसऱ्या गाडीचं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला आपोआप जुळत नाही. मधे बसेल अशी जाड प्लेट लेथवर कातून घ्यावी लागते. डिझेल इंजिन जड आणि जास्त थरथरणारं, म्हणून माउंटिंग नव्याने वेल्ड करावं लागतं. या कामाचं ड्रॉइंग कुणी काढत नसे. माप हातावर, हिशोब डोक्यात.

मी पहिला प्रस्ताव लिहिला तो असा : “महाराष्ट्रातील हॉट रॉड संस्कृती.” मार्गदर्शकांनी एका मिनिटात परत केला. “इथे कुणाला शर्यत लावायची होती?” त्यांचं बरोबर होतं. मी अमेरिकेचा साचा घेऊन त्यात मामांची जीप कोंबत होतो. हात तेच होते, चासी त्याच जातीची होती, पण दिशा उलटी. तिकडे वेगासाठी वजन काढलं. इकडे पैसे वाचावेत म्हणून वजन घातलं आणि वेगावर पाणी सोडलं. मग प्रश्न बदलला : जुनी गाडी बदलताना माणसं काय मिळवत होती आणि त्यासाठी काय सोडत होती? हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो. तुलनात्मक अभ्यासात नाव जुळवत बसू नका, प्रश्न जुळवा.

आता साधनांचं बघू. मिस्त्री वही ठेवत नाहीत, पण आरसी बुक असतं. १९३९ च्या मोटार कायद्यात गाडीत बदल केला तर तो आरटीओला कळवायचा, अशी तरतूद होती. त्यामुळे जुन्या आरसी बुकात इंधन आणि इंजिन नंबर बदलल्याची नोंद सापडू शकते. पुढे नियम कडक झाले. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना जवळपास दार बंद केलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण इतिहासकाराची अडचण वेगळीच आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी वारसा ठरली आणि रोज राबलेली, तीनदा इंजिन बदललेली जीप यादीबाहेर गेली. जिच्या अंगावर इथल्या कारागिरीचा सगळा इतिहास आहे, नेमकी तीच भंगारात जाते.

आणि तसंच झालं. मी मामांची मुलाखत घेतली, तासभर रेकॉर्डिंग केलं, जीपसमोर फोटो काढले. ती मधली प्लेट, वेल्डिंगच्या खुणा, चासी नंबर, आरसी बुकाची पानं यांचे फोटो “पुढच्या वेळी” म्हणून राहिले. पुढच्या दिवाळीला गेलो तर गोठ्याशेजारी नुसता तेलाचा काळा डाग. जीप वजनावर विकली होती, आरसी बुक तिच्याबरोबरच गेलं. मामा म्हणाले, “अरे, तुला लागणार होती तर सांगायचं नाही का?” मी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यात साधन म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे दप्तरखाना.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर : विषय सोडू नका. आधी वस्तूजवळ जा. बॉनेट उघडायला सांगा. इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही लिहून घ्या, आरसी बुकाशी ताडून बघा. कुठला भाग कारखान्याचा, कुठला लेथवरचा, हे विचारा. वेल्डिंग कुणी केलं, कुठे केलं, किती दिवस लागले, पैसे किती झाले, हेही विचारा. मुलाखत नंतर घेतली तरी चालेल. माणूस फोनवर पुन्हा भेटतो.

मामांचा वेल्डर पणदऱ्याच्या बाजूला राहतो, असं कळलंय. या रविवारी जातोय. कॅमेरा चार्जिंगला लावलाय.