संदेशातला बग क्रमांक
१९९८ साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला आणि मोझिला प्रकल्प उभा राहिला. कोड सीव्हीएस या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीमध्ये, तर तक्रारी टेरी वाइसमन यांनी लिहिलेल्या बगझिलामध्ये.

दोहोंना जोडले ते एका साध्या शिस्तीने: बदल जमा करताना संदेशात बगचा क्रमांक लिहायचा. बॉन्साय नावाचे साधन त्या क्रमांकाची लिंक करी. एखादी विचित्र ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली, याचा माग मग थेट मूळ तक्रारीपर्यंत लागे. नव्याने आलेल्या प्रोग्रामरसाठी याहून मोलाचा दस्तऐवज नाही. अडचण सीव्हीएसचीच होती. ते प्रत्येक फाइलला स्वतंत्र आवृत्ती क्रमांक देई. त्यामुळे पाच फाइलींमधली एकच दुरुस्ती पाच ठिकाणी विखुरली जाई.

२००४ मध्ये सबव्हर्जन या दुसऱ्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीचे १.० आले आणि अख्ख्या बदलाला एकच क्रमांक मिळाला.

त्याच सुमारास ट्रॅक या साधनाने तिकिटे (म्हणजे तक्रारींच्या नोंदी), विकी आणि सबव्हर्जन एकत्र आणले. बदल जमा होताच चालणारी हुक स्क्रिप्ट संदेशातले ‘फिक्सेस’ वाचून तिकीट बंद करू लागली. डेबियन या लिनक्स वितरणात चेंजलॉगमधल्या ‘क्लोजेस’ने बग बंद करण्याची पद्धत त्याआधीच रुळली होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने पुढे हीच सवय उचलली: बदल मुख्य शाखेत पोहोचला की इश्यू बंद.