धीर नव्हे, फेऱ्या मोजा : बुलढाण्याहून केमोथेरपीचा इतिहास वाचताना

मागच्या काही लेखांत आपण संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा यावर बोलत होतो. आज एक उदाहरण घेऊ. विषय आहे स्तनाच्या कर्करोगावरची केमोथेरपी आणि ती सोसणाऱ्या बायका. ठिकाण, आपला बुलढाणा जिल्हा.

या विषयावर मराठीत जे काही वाचायला मिळतं, त्यात एक वाक्य हमखास सापडतं : तिने मोठ्या धीराने झुंज दिली. वाक्य आदराचं आहे, खोटंही नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते पुढे नेत नाही. धीर कशाच्या जोरावर धरला? कोणती गोळी हाताशी होती? किती वेळा दवाखाना गाठावा लागला? माझं म्हणणं सरळ आहे. केमो निभावून नेणं हा नुसता स्वभावाचा गुण नाही. ते साधनांवर चालतं, आणि साधनांना तारखा असतात. तारखा आल्या की इतिहास लिहिता येतो.

आधी औषधांकडे बघू. केमोथेरपीची सुरुवात युद्धातल्या विषारी वायूच्या अभ्यासातून झाली. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन पहिल्यांदा कर्करोगाच्या रुग्णाला दिलं. पुढे मेथोट्रेक्सेट आलं. ते ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथलं संशोधन आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालत होतं.

स्तनाच्या कर्करोगासाठी कळीचं वर्ष १९७६. मिलानच्या जानी बोनाडोना यांनी शस्त्रक्रियेनंतर सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुरोयुरॅसिल ही तीन औषधं एकत्र दिली. याला सीएमएफ म्हणतात. नुसती शस्त्रक्रिया झालेल्या १७९ बायकांपैकी २४ टक्क्यांमध्ये आजार परतला. औषधं घेतलेल्या २०७ जणींमध्ये हे प्रमाण ५.३ टक्के होतं. हे पहिल्या सव्वादोन वर्षांचे आकडे.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. आपण थांबायचं नाही. हे औषध प्रत्यक्षात कसं दिलं जायचं ते बघा. २८ दिवसांचं एक आवर्तन, त्यात पहिल्या आणि आठव्या दिवशी इंजेक्शन, शिवाय १४ दिवस गोळ्या. अशी १२ आवर्तनं. म्हणजे नुसत्या इंजेक्शनसाठी २४ खेपा. पुढे त्याच गटाने दाखवलं की ६ आवर्तनंही पुरतात. खेपा निम्म्या झाल्या. बाईच्या बाजूने पाहिलं तर ही बातमी एखाद्या नव्या औषधाइतकीच मोठी आहे.

आता १९८१ सालचा शोधनिबंध. बोनाडोना आणि वालागुस्सा यांनी जुने आकडे पुन्हा तपासले. ठरलेल्या मात्रेपैकी ८५ टक्के किंवा जास्त औषध ज्यांना मिळालं, त्यांना स्पष्ट फायदा दिसला. ६५ टक्क्यांपेक्षा कमी मिळालेल्यांना जवळपास काहीच नाही. या पद्धतीच्या तुलनेवर नंतर टीकाही झाली, कारण जास्त औषध पेलू शकणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असू शकतात. ही टीका लक्षात ठेवा, तुमच्या कामात तोच पेच येईल. तरी एक मुद्दा उरतोच : डोस अर्धवट राहणं ही किरकोळ बाब नाही. मग तो उलट्यांमुळे राहो, पांढऱ्या पेशी उतरल्यामुळे राहो, नाहीतर घरून निघणंच न जमल्यामुळे.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांच्या गटाने सीएमएफची तुलना डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या जोडीशी केली. यातलं डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध. आजार रोखण्यात दोन्ही उपचार सारखेच निघाले. पण नवी जोडी ६३व्या दिवशी संपायची, सीएमएफला १५४ दिवस लागायचे. सीएमएफच्या बायकांना दवाखान्याच्या फेऱ्या तिप्पट पडत. उलटीवरच्या गोळ्या सुमारे ८४ दिवस घ्याव्या लागत, नव्या जोडीला सुमारे १२ दिवस. उलट केस गळण्याचा त्रास नव्या जोडीत जास्त. म्हणजे केस की फेऱ्या, अशी ही अदलाबदल होती. ही निवड कुणी केली? बाईला विचारलं होतं का? इथे तुमचा संशोधनप्रश्न सुरू होतो.

१९९१ हे वर्षही वहीत लिहून ठेवा. त्या वर्षी अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली : उलट्या आवरणारं ऑन्डनसेट्रॉन आणि पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम. ही साधनं येण्याआधीचा धीर आणि नंतरचा धीर एकाच मापाने मोजता येणार नाही.

आता हा सगळा हिशेब जिल्ह्याच्या नकाशावर ठेवा. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. मलकापूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटर. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगावला मुंबई-नागपूर लोहमार्ग आहे. घाटावर, खुद्द बुलढाणा शहरात, रेल्वेच नाही. मेहकर-लोणारच्या बाईला आधी एसटी, मग गाडी, आणि मुंबईत उतरल्यावर राहायचं कुठे हा प्रश्न. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण राहतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एका संताच्या नावाची ही इमारत केमोच्या इतिहासात मोडते का? माझ्या मते, नक्कीच मोडते. रेल्वेची कर्करुग्णांसाठीची प्रवास सवलतसुद्धा मोडते.

पैशाच्या तारखाही आहेत. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं अमरावती त्यात होतं, बुलढाणा नव्हतं. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, राज्यभर लागू झाली तेव्हा आली. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१२ मध्येच औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. घाटावरच्या बायकांसाठी अंतर एकदम कमी झालं. २०११ मध्ये डोस घेणारी बाई आणि २०१४ मध्ये घेणारी तिची धाकटी जाऊ, दोघींचं औषध एकच असू शकतं. पण त्यांचा सोसण्याचा इतिहास एक नाही.

मग साधनं कुठे शोधायची? रुग्णालयाची फाईल डोसची तारीख सांगते. दोन डोसांमधल्या २१ दिवसांबद्दल ती फार बोलत नाही. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत खाली जातात, म्हणजे बाई तेव्हा बहुधा घरीच असते. ताप आला तर रात्री गाडी कुणाची मिळाली? स्वयंपाक कुणी केला? सोयाबीनच्या पेरणीच्या आठवड्यात डोस आला, तर पुढे ढकलला का? बरोबर जाणाऱ्याची मजुरी किती बुडाली? या प्रश्नांची उत्तरं मुलाखतींत, जपून ठेवलेल्या तिकिटांत आणि उधारीच्या वह्यांत मिळतील.

एक पथ्य मात्र पाळा. मुलाखतीआधी नैतिकता समितीची परवानगी आणि त्या बाईची स्वतःची संमती घ्या, फक्त नवऱ्याची किंवा मुलाची नाही. नावं बदला. गाव लहान असेल तर गावाचं नावही बदला. डोस चालू असताना मुलाखतीचा आग्रह धरू नका. आणि जी बाई उपचार अर्धवट सोडून आली, तिला यादीतून गाळू नका. धीराच्या गोष्टींत तिला जागा मिळत नाही, कारण ती हरली असं आपण आधीच ठरवलेलं असतं. तिच्या खेपा मोजल्या की बऱ्याचदा वेगळंच दिसेल : औषध पोचलं होतं, रस्ता पोचला नव्हता.

तर या आठवड्याचा अभ्यास. तुमच्या तालुक्यातून सर्वांत जवळच्या केमो केंद्रापर्यंत जाण्या-येण्याचा एका दिवसाचा हिशेब मांडा : वेळ, भाडं, सोबतीला कोण. मग तोच हिशेब २००० सालासाठी, घरातल्या मोठ्यांना विचारून मांडा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. तुमच्या संशोधन आराखड्याचा पहिला परिच्छेद त्या दोन कागदांमधल्या फरकातून लिहायला घ्या.