गांधीलमाश्या ढकलपास

इतिहासात नाव यावं म्हणून लोक काय काय करतात! कोणी गड घेतो, कोणी तह मोडतो, अगदीच काही जमलं नाही तर पायाभरणीच्या फोटोत मागच्या रांगेत टाचा उंचावून उभा राहतो. वॉस्प्स नावाच्या लंडनच्या रग्बी क्लबने मात्र नुसतं गैरहजर राहून इतिहासात जागा मिळवली. २६ जानेवारी १८७१ रोजी (तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी) लंडनमधल्या पॉल मॉल रेस्टॉरंटात २१ क्लबांचे लोक जमले आणि त्यांनी इंग्लंडची रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. वॉस्प्सनाही बोलावणं होतं. पण आख्यायिका अशी की, त्यांचा माणूस चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणी जाऊन पोचला. दुसरा पाठभेद असा की, तो त्याच नावाच्या दुसऱ्या गुत्त्यात शिरला आणि तिथून त्याचा पाय निघेना. दोन्ही पाठभेद क्लबवालेच हौसेने सांगत, यावरून काय ते ओळखा.

तसा क्लबचा जन्मही १८६७ साली उत्तर लंडनमधल्या एका गुत्त्यातलाच. वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. त्या काळी विलायतेत क्लबांना किड्यामुंग्यांची नावं देण्याची टूम होती म्हणतात. अंगावर रंगही तेच, काळा आणि सोनेरी.

आता मला रग्बीतलं काय कळतं, असा प्रश्न आमच्या घरातूनच येईल. पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी छत्री धरून मी चार-सहा वेळा उभा राहिलो आहे. चिखलात पंधरा-पंधरा माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि खालून कोणीतरी लांबट चेंडू घेऊन निघतो, एवढं ज्ञान मला तिथे झालं. आपल्याकडे हे दृश्य सहा वाजून पाचच्या लोकलला फुकट दिसतं.

पण ५ मे २०१२ रोजी मी विलायतेत मुलीकडे होतो. जावई म्हणाले, “बाबा, आज चला. आज एक क्लब खाली जाणार.” खाली म्हणजे कुठे, ते मला हाय विकमला पोचेपर्यंत समजावून सांगण्यात आलं. प्रीमियरशिप नावाच्या वरच्या वर्गात बारा क्लब. हंगामाच्या शेवटी जो तळाशी, तो खालच्या वर्गात. मी आयुष्यभर मास्तरकी केली. वर चढवणं आणि खाली बसवणं मला नवीन नव्हतं. फक्त आमच्याकडे नापास मुलगा बाकावर एकटा रडतो, इथे मात्र त्याच्याबरोबर हजारो माणसं रडतात, पगार घटतात, खेळाडू सोडून जातात आणि कर्जवाले दाराशी येतात.

तळाशी न्यूकॅसल, त्यांच्यावर चार गुणांनी वॉस्प्स. त्या दिवशी हे दोघेच समोरासमोर. वॉस्प्स म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. २००३, ०४, ०५ आणि ०८ अशी चार वर्षं इंग्लंडचे विजेते, २००४ आणि ०७ साली साऱ्या युरोपचे. शेवटचं अजिंक्यपद मिळून पुरती चार वर्षंही झाली नव्हती. पण त्या हंगामात दुखापतींनी संघ पार पोखरून टाकला होता. जो वोर्स्ली, टॉम रीस, स्टीव्ह थॉम्पसन अशा नामांकित गड्यांना ऐन हंगामात खेळच सोडावा लागला. यातला थॉम्पसन २००३च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघात होता. पुढे २०२० साली त्याने सांगितलं की, तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवतच नाही. डोक्याला बसलेले मार, दुसरं काय. कुंपणापाशी उभं राहून आपण हसतो, ते सगळंच हसण्यासारखं नसतं. भरीला क्लब विकायला काढलेला होता. खाली गेलेल्या क्लबाला गिऱ्हाईक कोण मिळणार?

माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने गणित मांडलं होतं. विजयाला चार गुण. चार ट्राय केले तर एक जादा. आणि सातपेक्षा जास्त फरकाने न हरल्यास हरणाऱ्यालाही एक! हा शेवटचा नियम ज्या कोणी काढला त्याला माझा नमस्कार. थोडक्यात नापास झालेल्यासाठी एवढी कणव आमच्या परीक्षा मंडळालाही कधी आली नव्हती. थोडक्यात, न्यूकॅसलने नुसतं जिंकून भागणार नव्हतं. त्यांना घसघशीत जिंकायला हवं होतं. वॉस्प्सना घसघशीत हरायचं नव्हतं, एवढंच.

सामना काही डोळ्यांचं पारणं फेडणारा नव्हता. दोन्ही बाजूंना हात थरथरत होते. न्यूकॅसल पुढे गेल्यावर शेजारच्या गृहस्थांनी पेन्सिल दातांत धरली ती धरलीच. शेवटी वॉस्प्स १०, न्यूकॅसल १४. वॉस्प्स हरले! आणि आजूबाजूची माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. चार गुणांनीच हरले म्हणून एक गुण मिळाला होता. तक्त्यात वॉस्प्स ३३, न्यूकॅसल ३२. जिंकलेले लोक मान खाली घालून निघाले, हरलेले नाचत होते. गृहस्थांनी माझाही हात हातात घेऊन जोरात हलवला. निकालाच्या दिवशी पस्तीस गुणांवर सुटलेल्या मुलाचे वडील असाच हात हलवतात, तो स्पर्श मी ओळखला.

बाहेर पडताना मी काळा-सोनेरी मफलर विकत घेतला. किंमत रुपयांत किती झाली, ते घरी सांगितलेलं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी, पण इतिहासाला थांबायचं कुठे ते कळत नाही. न्यूकॅसलच्या जागी वर यायचा होता लंडन वेल्श. त्यांना मे महिन्यातच नकार मिळाला, कारण मैदानावर स्वतःचा पहिला हक्क हवा, असा नियम. त्यांनी अपील केलं: मग वॉस्प्स, सॅरासेन्स आणि लंडन आयरिश दुसऱ्याच्या मैदानात खेळतात ते कसे चालतात? जूनअखेर अपील जिंकलं, आणि न्यूकॅसल खरोखर खाली गेले, सामन्यानंतर जवळजवळ आठ आठवड्यांनी. भाडेकरूंचे खटले आपल्याकडेच लांबतात असं मी समजत होतो.

कारण वॉस्प्सही भाडेकरूच. १९२३ पासून सडबरीला स्वतःचं मैदान होतं. खेळ व्यावसायिक झाल्यावर १९९६ साली ते बिऱ्हाड हललं आणि लोफ्टस रोडला एका फुटबॉल क्लबाच्या घरी गेलं. २००२ साली तिथून हाय विकमला, पुन्हा फुटबॉलवाल्यांकडेच. मग २०१४ साली त्यांनी एकदम मोठा वाडाच घेतला. लंडनपासून दूर कॉव्हेंट्रीला, बत्तीस हजारांचं स्टेडियम! पहिल्या सामन्याला अठ्ठावीस हजारांवर लोक आले. पुढच्या वर्षी ३ कोटी ५० लाख पौंडांचे रोखे काढले, साडेसहा टक्क्यांनी. ते फेडायचे होते मे २०२२मध्ये. दरम्यान महासाथीत दारं बंद, तिकिटं नाहीत. मे आला, पैसे आले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी क्लबाचा कारभार प्रशासकाकडे गेला; १६७ माणसांची नोकरी त्याच दिवशी गेली. मैदानावर ज्यांना खाली ढकलता आलं नाही, त्यांना महिनाअखेर कागदावर खाली ढकलण्यात आलं. आणि खालच्या वर्गातही त्यांना उतरता आलं नाही. पुन्हा गैरहजर!

२०१२ साली खाली गेलेले न्यूकॅसल मात्र वर्षभरात परत वर आले. वर आलेले लंडन वेल्श पुढच्याच वर्षी खाली गेले आणि काही वर्षांनी दिवाळखोरीत निघाले.

जावयांचा फोन आला तेव्हा मी शिवाजी पार्कला फेरी मारून नुकताच आलो होतो. ते म्हणाले, “बाबा, वॉस्प्स गेले हो.” मला एकदम त्या पेन्सिलवाल्या गृहस्थांची आठवण झाली. दहा वर्षांत त्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

मफलर अजून आहे. डिसेंबरात पहाटे फिरायला जाताना मी तो गळ्यात घालतो. परवा बाकावर शेजारी बसलेल्या एकाने काळा-पिवळा रंग बघून विचारलं, “आजोबा, टॅक्सीवाल्यांच्या युनियनमध्ये होता का?”

“होतो,” म्हटलं, “सध्या गाडी बंद आहे.”