वाणिज्य शाखेत व्यवसायाचा अभ्यास: पालक आणि शिक्षकांसाठी माहिती

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोराला शेवटी दुकानातच बसायचंय, मग कॉमर्स शिकून काय करणार?" मुलगी असेल तर वाक्य थोडं बदलतं, "तिला कुठे धंदा करायचाय?" गेली अनेक वर्षं मी हा विषय शिकवते आणि दोन्ही प्रश्नांना उत्तर देता देता या विषयात नेमकं काय असतं, ते कसं शिकवलं पाहिजे आणि घरच्यांनी त्यात काय मदत करायची, हे एकदा सविस्तर लिहावं असं वाटत होतं.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. बारावीतल्या एका मुलाचे अब्बा अचानक गेले. अब्बा आणि चाचा, दोघांनी मिळून वीस वर्षं दुकान चालवलं होतं. कागदावर काहीच नव्हतं. दुकानात अब्बांचं किती, चाचांचं किती, हे सांगणारं कुणी उरलं नाही. दोन घरांत बोलणं बंद झालं. तो मुलगा मला म्हणाला, "टीचर, भागीदारीचा धडा मला पाठ होता. पण तो आमच्याच दुकानाबद्दल आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही." त्या धड्यात त्याला चांगले मार्क मी स्वतः दिले होते. त्या दिवसापासून मी शिकवण्याची पद्धत बदलली.

विषय कोणता आणि त्यात काय असतं?

महाराष्ट्र राज्य मंडळात अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत या विषयाचं नाव "वाणिज्य संघटन व व्यवस्थापन" असं आहे. मुलं त्याला "ओसीएम" म्हणतात. त्याच्या जोडीला पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, चिटणिसाची कार्यपद्धती, गणित व संख्याशास्त्र असे विषय असतात. सीबीएसईमध्ये साधारण हाच अभ्यास "बिझनेस स्टडीज" या नावाने होतो.

अकरावीत व्यापाराची ओळख, घाऊक आणि किरकोळ व्यापार, लघुउद्योग, व्यवसाय संघटनांचे प्रकार (एकल व्यापारी, भागीदारी, एकत्र हिंदू कुटुंब, सहकारी संस्था, कंपनी), व्यवसायाला मदत करणाऱ्या संस्था आणि व्यवसायाचं पर्यावरण असे धडे येतात. बारावीत व्यवस्थापनाची तत्त्वं आणि कार्यं, उद्योजकता, बँक-विमा-वाहतूक-गोदाम यांसारख्या व्यावसायिक सेवा, ऑनलाइन व्यवसाय, सामाजिक जबाबदारी, ग्राहक संरक्षण आणि विपणन. परीक्षा लेखी ८० गुणांची आणि प्रकल्पासारख्या अंतर्गत कामाला २० गुण, अशी विभागणी आहे.

ही यादी नीट वाचली तर कळेल की मोहल्ल्यातली बेकरी, मटणाचं दुकान, गॅरेज, टेलरिंग, फळांची गाडी, घरातून चालणारा बिर्याणीचा किंवा मेहंदीचा व्यवसाय, सगळं यात आहे.

आधी दुकान, मग व्याख्या

बहुतेक वर्गांत आधी व्याख्या फळ्यावर लिहिली जाते, मुलं ती उतरवून घेतात आणि पाठ करतात. मी आता उलट्या क्रमाने जाते. आधी प्रसंग, मग मुलांचं मत, मग पुस्तकातली संज्ञा आणि शेवटी व्याख्या.

हेन्री फेयॉलची १४ तत्त्वं घ्या. फेयॉल (१८४१ ते १९२५) हा फ्रेंच खाण अभियंता. त्याचा जन्म इस्तंबूलचा, हे सांगितलं की मुलांचे कान टवकारतात. मोठी खाण कंपनी अनेक वर्षं चालवल्यावर त्याने आपला अनुभव १९१६ मध्ये मांडला. म्हणजे ही तत्त्वं कामाच्या जागेवरून आलेली आहेत, हे मुलांना आधी सांगावं.

मग प्रसंग द्यायचा: बेकरीतल्या कारागिराला अब्बा म्हणतात आधी पाव काढ, चाचा म्हणतात आधी खारी. दोन्हीला उशीर होतो आणि बोलणी कारागीर खातो. चूक कुणाची? वर्गात पाच मिनिटं जोरात वाद होतो. त्यानंतर फळ्यावर लिहायचं, "आदेशाची एकता: एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा." आता हे विसरायला होत नाही.

लगेच दुसरा प्रसंग: रमजानमध्ये तीच बेकरी इफ्तारसाठी वेगळा माल काढते. त्या सगळ्या कामाचा उद्देश एक, म्हणून त्याची योजना एक आणि त्यावर प्रमुखही एकच असावा. ही "दिशेची एकता". या दोन तत्त्वांतला फरक परीक्षेत मुलं हमखास गोंधळतात. पहिलं तत्त्व एका माणसाबद्दल आहे, दुसरं एका उद्देशाच्या कामांबद्दल, एवढं वाक्य लक्षात ठेवायला सांगावं.

फ्रेडरिक टेलरचं (१८५६ ते १९१५) वैज्ञानिक व्यवस्थापनही असंच शिकवता येतं. त्याचं पुस्तक १९११ चं. कामाला नेमका किती वेळ लागतो ते मोजा, असं त्याचं सांगणं होतं. मुलांना घरी जाऊन एक कुर्ता शिवायला किंवा पंक्चर काढायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजायला सांगा. त्यातला किती वेळ हत्यार शोधण्यात गेला, तेही लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात "प्रत्येक वस्तूला जागा" हे फेयॉलचं सुव्यवस्थेचं तत्त्व आपोआप निघतं.

भागीदारीचा धडा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपल्याकडे भावा-भावांचे, मामा-भाच्यांचे धंदे खूप. "घरातलीच माणसं, लिहायचं कशाला?" हा विचारही तितकाच जुना. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्यातले पाच मुद्दे मुलांना आणि घरच्यांना दोघांनाही माहीत हवेत.

पहिला, नफ्याची वाटणी. समजा थोरल्या भावाने ३ लाख घातले, धाकट्याने १ लाख. वर्षाचा नफा ८०,००० रुपये. वाटणीबद्दल काहीच ठरलेलं नसेल तर कायद्याने (कलम १३) नफा आणि तोटा समान वाटला जातो, म्हणजे दोघांना ४०,०००. भांडवलाच्या प्रमाणात वाटायचं ठरलं असेल तर थोरल्याला ६०,००० आणि धाकट्याला २०,०००. तोंडी करारही कायद्याने करार असतो, पण भांडण झाल्यावर तो सिद्ध कसा करणार?

दुसरा, व्याज. करारात लिहिलेलं नसेल तर भांडवलावर व्याज मिळत नाही. मात्र भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त जादा रक्कम दिली असेल, तर त्यावर वर्षाला ६ टक्के व्याजाची तरतूद कायद्यात आहे. व्याज नको असेल तर तसं करारात स्पष्ट लिहिता येतं. ज्या घरांत व्याजापासून दूर राहतात, त्यांनी हे कलम विसरू नये.

तिसरा, नोंदणी. महाराष्ट्रात भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसेल तर करारातून आलेल्या येण्यासाठी संस्थेला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही (कलम ६९). उधारी बुडवणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं.

चौथा, भागीदाराचा मृत्यू. वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते (कलम ४२). मग मय्यतच्या हिश्शाचा हिशेब करून तो वारसांना द्यावा लागतो. मीरासची वाटणी शरीयतप्रमाणे करायची तरी आधी मय्यतचं नेमकं किती होतं हे ठरावं लागतं. कागद नसेल तर बेवा आणि यतीम मुलं दुसऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहतात.

पाचवा मुद्दा थेट विद्यार्थ्यांचा. १८ वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी भागीदार होऊ शकत नाही, पण सगळ्या भागीदारांच्या संमतीने त्यांना नफ्याच्या लाभात घेता येतं (कलम ३०). सज्ञान झाल्यावर, किंवा आपल्याला असं घेतलंय हे नंतर कळलं तर तेव्हापासून, ६ महिन्यांत भागीदार व्हायचं की नाही हे जाहीर करावं लागतं. गप्प राहिलं तर मुदतीनंतर तो भागीदार ठरतो आणि कर्जाची जबाबदारीही त्याच्यावर येते. बारावीतल्या मुलांना हे सांगितलं की वर्ग शांत होतो.

देण्याघेण्याची नोंद करावी, लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, ही शिकवण कुरआनच्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनमधली सगळ्यात लांब आयत आहे. म्हणून घरात लिखापढीचा विषय काढणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं कुणी समजू नये.

ग्राहक संरक्षण: गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी

हा धडा शिकवताना मी वर्गाचे दोन गट करते. अर्धे दुकानदार, अर्धे ग्राहक. बिल देणं, छापील किमतीपेक्षा जास्त न घेणं, वजन बरोबर ठेवणं, या गोष्टी दोन्ही बाजूंनी मांडल्या जातात.

सध्याचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याआधी १९८६ चा कायदा होता. नव्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तू-सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाकडे शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत साधारण २ वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. प्रत्येक मुलाला घरातलं एक बिल आणायला सांगावं आणि त्यावर काय लिहिलंय, काय राहिलंय हे तपासून घ्यावं. "आमच्या दुकानात बिलच देत नाहीत" असं एखादा मुलगा सांगेल. त्याला रागावू नका, अभ्यास तिथूनच सुरू होतो.

भाषेची भीती

उर्दू माध्यमातून दहावी करून आलेली मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात बिचकतात. त्यांना मी एक गोष्ट सांगते. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, कर्ज, नफा, किंमत, करार, वसूल, खरेदी, दलाल हे मराठी बाजारातले शब्द अरबी-फारसीतूनच आलेले आहेत. म्हणजे अर्धी शब्दसंपत्ती त्यांच्या घरचीच आहे. नव्या शब्दांची वही करायची: भांडवल म्हणजे सरमाया, भागीदारी म्हणजे शराकत, व्यापार म्हणजे तिजारत. शेजारी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचा. रोज पाच शब्द पुरेत.

प्रकल्प उतरवू नका, करा

२० गुणांचा प्रकल्प बाजारातून तयार घेऊन येणं ही वाईट सवय आहे. त्याऐवजी एकच ओळखीचा व्यवसाय निवडावा आणि मालकाची परवानगी घेऊन महिनाभर पाहावा. माल कुठून येतो, उधारी किती दिवसांची, कोण कोणतं काम करतं, यूपीआयने किती येतं आणि रोख किती, वाया काय जातं, हे लिहावं. मालकाला नको असतील तर आकडे टाकू नयेत. शेवटी पुस्तकातली तीन तत्त्वं त्या व्यवसायात कुठे दिसली आणि कुठे नाहीत, ते मांडावं. लघुउद्योगांची "उद्यम" नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, हेही मुलांनी प्रत्यक्ष पाहून घ्यावं. माहिती नसल्याने एजंटाला पैसे देणारे दुकानदार अजून भेटतात.

उत्तरं लिहिताना

"फरक स्पष्ट करा" मध्ये दोन स्तंभांत एकाच मुद्द्यावर समोरासमोर लिहावं. "विधान सकारण स्पष्ट करा" मध्ये आधी संकल्पना, मग कारणं, मग एक उदाहरण. परिस्थिती देऊन विचारलेल्या प्रश्नात तत्त्वाचं नाव लिहून थांबू नये, प्रसंगातल्या कोणत्या गोष्टीवरून ते ओळखलं तेही लिहावं.

घरच्यांसाठी

पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलाला दुकानात फक्त माल उचलायला बसवू नका, महिन्याचा जमाखर्च त्याच्याकडून लिहून घ्या. मुलगी वाणिज्य शाखेला असेल तर तिलाही ती वही द्या. आपल्या इतिहासात हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार सगळ्यांना ठाऊक आहे. बारावीनंतर बीकॉम, बीबीए, सीए फाउंडेशन, सीएस, सीएमए अशा वाटा आहेत. पण त्यातली एकही घेतली नाही, मूल दुकानातच बसलं, तरी हा विषय वाया जात नाही.

तो मुलगा आज स्वतःचं छोटं दुकान चालवतो. धाकट्या भावाला भागीदार करताना तो करारनाम्याचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला होता. नफ्याचं प्रमाण, कोण काय करणार, आणि दोघांपैकी एक नसेल तर काय, सगळं त्यात होतं. मी फक्त शुद्धलेखन तपासलं आणि वकिलाला दाखवून घे म्हणून सांगितलं.