सहाशे पौंडांचे जुने विमान

दिल्लीहून सुट्टीत घराकडे निघालो की वाटेत झाशीचे स्थानक लागते. डब्यातील मराठी मंडळी खिडकीशी येतात, आणि किल्ल्याची व राणीची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. आमच्या मनात मात्र त्याच वेळी झाशीची आणखी एक आठवण जागी होते. ती अगदी लहान आहे. एक जुने विमान, एक टंकलेखिका आणि एक सुतार एवढीच तिच्यातील पात्रे. आम्ही स्वतः कचेरीत टिपणे लिहून पोट भरणारे. म्हणूनच की काय, ही गोष्ट आम्हाला घरच्यासारखी वाटते.

तिचा आरंभ पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात आहे. युद्ध संपले तेव्हा विमानांची इंजिने ढिगाने उरली होती. परंतु ती मोठी, तेलपिपासू, लष्कराच्या खजिन्यावर चालणारी. सामान्य मिळकतीच्या माणसाने विमान बाळगावे ही कल्पनाच हास्यास्पद होती. जेफ्री डी हॅविलंड यांनी ती तशी मानली नाही. त्यांच्या सांगण्यावरून फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने उरलेल्या आठ सिलिंडरी इंजिनाचे जणू दोन भाग केले आणि एका भागातून चार सिलिंडरांचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन सिद्ध केले. ते बसवलेले ‘मॉथ’ नावाचे दोन आसनी विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम आकाशात गेले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, आणि पक्ष्याने पंख मिटावेत तसे मागे दुमडता येणारे पंख. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने उड्डाण-मंडळांना अर्थसाहाय्य देण्यास सुरुवात केली. पुढे जुन्या इंजिनांचा साठा आटला, तेव्हा सुमारे १०० अश्वशक्तीचे नवे ‘जिप्सी’ इंजिन आले आणि ‘जिप्सी मॉथ’ हे नाव सर्वतोमुखी झाले.

अशाच एका मंडळात १९२८ साली एमी जॉन्सन ही मुलगी दाखल झाली. हल बंदरातील मासळीच्या व्यापाऱ्याची ही कन्या शेफील्ड विद्यापीठाची पदवीधर होती, आणि लंडनमध्ये सॉलिसिटरांच्या एका पेढीत टंकलेखन करीत होती. पदवी घ्यावी आणि दुसऱ्याची पत्रे लिहीत बसावे, हा योग आमच्या वाचकांना अपरिचित नाही. परंतु कचेरी सुटली की ही बाई विमानाच्या कोठारात जाई, आणि ग्रीसने माखलेल्या हातांनी इंजिन उघडून पाही. पुढे तिने नोकरी सोडली. १९२९ साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विमान-दुरुस्तीचाही. हा दुसरा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. लोकांनी पहिल्या परवान्याचे कौतुक केले. आमच्या मते खरी पुंजी दुसऱ्यातच होती.

कारण तिला विमान घ्यायचे होते, आणि ते जुनेच घेणे भाग होते. कॅप्टन होप यांचे वापरलेले जिप्सी मॉथ तिने ६०० पौंडांना घेतले. नव्याची किंमत सुमारे ६५० पौंड असता जुन्याला ६०० द्यावेत, हा व्यवहार कारकुनी नजरेला आतबट्ट्याचा दिसेल. पण या विमानाला लांब पल्ल्याच्या जादा टाक्या आधीच बसवलेल्या होत्या. रकमेचा अर्धा भार वडिलांनी उचलला, अर्धा तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी. वडिलांच्या मालाच्या व्यापारचिन्हावरून विमानाचे नाव ‘जेसन’ ठेवले गेले. आम्हीही बदलीच्या गावी एक जुनी स्कूटर घेतली आहे, आणि त्या अनुभवाने सांगतो : नवी वस्तू घेणारा पैसे देऊन मोकळा होतो, जुनी घेणाऱ्याला पुढे ज्ञान द्यावे लागते, हात द्यावे लागतात, आणि एवढे करून भागले नाही तर शेजाऱ्याच्या दारी जावे लागते.

५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती एकटी ऑस्ट्रेलियाकडे निघाली. त्यापूर्वीचे तिचे सर्वांत दूरचे उड्डाण लंडनहून हलपर्यंतचे. सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली. एकट्याने इतक्या लवकर तोवर कोणीच आले नव्हते. पुढचा मुक्काम अलाहाबादचा होता. परंतु वारा आडवा आला, इंधन संपत आले, आणि ११ मे रोजी तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले.

येथे त्या काळच्या विमानाची ठेवण ध्यानी घेतली पाहिजे. त्याला पुढे दोन चाके आणि शेपटीखाली जमिनीवर घासत जाणारी पट्टी असे. पुढच्या पिढीत त्या पट्टीच्या जागी लहान चाक आले. शेपूट खाली असल्याने जमिनीवर नाक वर उचललेले राही आणि वैमानिकाला समोरचे काही दिसत नसे. शिवाय त्याला ब्रेक नव्हते. वाऱ्याच्या सन्मुख उतरावे, आणि पट्टीच्या घर्षणाने ते थांबेपर्यंत मैदान पुरावे, एवढीच आशा. विस्तीर्ण हिरवळीवर हे साधे. कवायतीच्या मैदानावर महाकठीण. विमान धावत जाऊन बराकींना भिडले आणि पंख मोडला. तो गावच्या सुताराच्या मदतीने सांधला गेला, आणि दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादवरून कलकत्त्यास गेली.

ब्रह्मदेशात रंगूनजवळ इन्सीन येथे हेच पुन्हा, आणि अधिक वाईट रीतीने घडले. पाऊस कोसळत असता तेथील तांत्रिक विद्यालयाच्या खेळाच्या मैदानावर ती उतरली. विमान पुढे जाऊन खड्ड्यात कोसळले. पंख, चाकांचा सांगाडा, पंखा, सारेच मोडले. जादा पंखा तिने विमानाला बांधूनच आणला होता. बाकीचे काम विद्यालयातील शिक्षक-विद्यार्थ्यांनी केले. फाटलेल्या पंखांना कापड कोठून आणावे? युद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे कोणी सदरे शिवले होते. ते उसवून पंखांना लावले! २४ मे रोजी, साडेएकोणीस दिवसांनी, सुमारे ११,००० मैल तोडून ती डार्विनला उतरली. हिंकलर या वैमानिकाचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम अबाधित राहिला. तिने ते अपयशच मानले. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडून गेलेली दुसरी स्त्री तोवर नव्हती.

त्याच मे महिन्यात, त्याच जातीच्या विमानांतून, दोन भारतीय तरुणही इंग्लंड-भारत मार्गावर होते. आगाखानांच्या पारितोषिकासाठी सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून येत होते, जे. आर. डी. टाटा कराचीहून जात होते. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगांवाचून अडले होते. टाटांनी आपल्याजवळचे दिले. पारितोषिक अस्पींना मिळाले. हेच अस्पी १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

‘जेसन’ आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. एमी जॉन्सन ५ जानेवारी १९४१ रोजी, युद्धसेवेत विमान नेत असता, थेम्सच्या मुखाशी बुडाली. तिच्या नावाची चरित्रे झाली, गाणी झाली. झाशीच्या सुताराचे नाव आम्हाला कोठे आढळले नाही. परगावी नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना असा सुतार प्रत्येकाला कधी ना कधी भेटलेला असतो : भाषा निराळी, ओळख नाही, पुन्हा भेटीचा संभव नाही, आणि तरी रात्री हत्यारे घेऊन येणारा. गाडी झाशी सोडते तेव्हा किल्ल्याला नमस्कार करून झाल्यावर आम्ही मनोमन आणखी एक नमस्कार करतो, तो त्यालाच.