सेफ्ट्रायक्सोनची सुई : कधी गरजेची, कधी धोक्याची

‘ताप उतरत नाही, एक सुई टोचा डॉक्टरसाहेब,’ हे नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत रोज ऐकू येतं. अशी दिली जाणारी एक सुई म्हणजे सेफ्ट्रायक्सोन. ती ताकदीची सुई नाही, अँटिबायोटिक आहे. म्हणून तिची माहिती घरात सगळ्यांना असावी, असं आम्हाला वाटतं.

उपयोग : टायफॉइड, न्यूमोनिया, मेंदूज्वर, किडनीचा किंवा रक्तातला संसर्ग अशा बॅक्टेरियाच्या गंभीर आजारांत हे औषध जीव वाचवतं. ते गोळीत मिळत नाही, शिरेतून किंवा स्नायूत देतात. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे व्हायरसचे आजार. त्यांवर याचा काहीच उपयोग नाही.

धोके :
• अ‍ॅलर्जी : अंगावर पुरळ, तोंडाला सूज, श्वास कोंडणे. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली असेल तर आधीच सांगा. सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा.
• जुलाब : जास्त झाले किंवा रक्त पडलं तर लगेच दाखवा.
• तान्ही बाळं : कावीळ असलेल्या नवजात बाळाला ही सुई देत नाहीत. कॅल्शियमच्या सलाईनसोबत दिली तर नवजाताच्या जिवावर बेतू शकतं.
• स्नायूत देण्यासाठी बधिरतेचं औषध मिसळलेली सुई शिरेत कधीच देत नाहीत.

सगळ्यात मोठा धोका पुढचा आहे. गरज नसताना सुई घेतली, कोर्स अर्धवट सोडला, तर बॅक्टेरिया औषधाला जुमानत नाहीत. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला २०१६ पासून असा टायफॉइड पसरला, ज्यावर सेफ्ट्रायक्सोनही चालेना. आपल्याकडे २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याने ते द्यायचं नाही, आणि विक्रीची नोंद ठेवायची.

टायफॉइड घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून येतो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टंचाईत साठवलेलं, टँकरचं पाणी उकळूनच प्या.

डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा : आजार बॅक्टेरियाचा आहे का? सुईआधी रक्ताचं कल्चर करायचं का? किती दिवस घ्यायची? ताप लांबला तर विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था गाठा. मनाने सुई घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेली मध्येच सोडू नका.