जामखेडचे ३० टक्के आणि आजीचं पाचवं मूल

नवीन शोधनिबंध आला की तुम्ही आधी काय करता? खरं सांगा. मी तरी निबंध लगेच उघडत नाही. लेखकाची मुलाखत कुठे ऐकायला मिळते का, ते आधी शोधते. वैद्यकीय नियतकालिकं हल्ली दहा-पंधरा मिनिटांच्या ध्वनिमुलाखती काढतात. एसटीत खिडकीशी बसायचं, कानात हेडफोन घालायचा आणि नगर येईपर्यंत एक निबंध ‘झाला’! यात गैर काहीच नाही. कागदावर न कळलेली आकडेमोड तज्ज्ञाच्या तोंडून ऐकली की पटकन डोक्यात शिरते.

फक्त संशोधनाच्या तयारीत असाल तर एक सवय आत्तापासून लावून घ्या. मुलाखत ऐकताना स्वतःला विचारा, की हा तज्ज्ञ जे सांगतोय, ते त्याला कोणी सांगितलं? त्याच्या निबंधातला आकडा मुळात कुणाच्या तोंडून निघाला? हा प्रश्न मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका अभ्यासामुळे पडला, आणि त्याचा खरा अर्थ माझ्या आजीमुळे कळला. आज या दोन्हींबद्दल लिहिते.

जामखेडला काय घडलं

नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच) आग्नेयेला साधारण पाऊणशे किलोमीटरवर जामखेड आहे. अहिल्यादेवींचं चौंडी याच तालुक्यातलं. पाऊस कमी, जमीन हलकी, आणि सुगी संपली की ऊसतोडीला जाणारी माणसं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्याआधी काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केलं होतं. तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. बरा होऊन घरी गेलेला पेशंट काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येतो, कारण घरचं पाणी तेच, उपासमार तीच. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि जामखेडला आले. आले तेच दुष्काळाच्या तोंडावर.

त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे आरोग्याचं काम गावातल्याच एका बाईच्या हाती देणं. यातल्या बहुतेक बायका निरक्षर होत्या आणि कित्येक दलित वस्तीतल्या. त्या नियमाने जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि परत गावात जाऊन शेजारणींना सांगायच्या. जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. बाळंतपणाला हात आणि ब्लेड स्वच्छ हवं. लस टोचून घ्यायची. मुलाचं वजन करायचं.

आता या यादीत लपलेला इतिहास पाहा. मीठ-साखरेच्या पाण्याने जुलाबाचे रुग्ण वाचतात, हे त्या काळात अगदी ताजं संशोधन होतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बनगावला जी छावणी होती, तिथे डॉ. दिलीप महालनबिस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं. पुढच्या काही वर्षांत हीच गोष्ट जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर पोचली. कशी पोचली? कुणाचा निबंध वाचून नक्कीच नाही. एका बाईने दुसरीला चुलीपाशी बसून सांगितली म्हणून. ‘नवं संशोधन तोंडी समजावून सांगणं’ आपल्याला पॉडकास्टच्या जमान्यातलं वाटतं, पण या बायका तेच काम पन्नास वर्षांपूर्वी करत होत्या.

जगाने दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर आरोळे दांपत्याचं प्रकरण आहे. १९७८ साली अल्मा-अटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

३० टक्के म्हणजे नक्की काय

प्रकल्पाचे स्वतःचे आकडे सांगतात, की १९७१ साली त्यांच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, आणि १९९० च्या दशकात हा आकडा तीसच्या खाली आला. ऐकायला फार छान वाटतं. पण तुम्ही संशोधक होणार असाल तर इथे हात वर करायला हवा. त्याच काळात सगळ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी झाले. रस्ते झाले, शाळा झाल्या, सरकारी लसीकरण आलं. मग यातलं जामखेडच्या कामामुळे किती झालं आणि काळ बदलला म्हणून किती?

हे तपासायचा प्रयत्न व्हेरा मॅन आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांचा निबंध २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये आला. प्रकल्पाची गावं एका बाजूला, प्रकल्प नसलेली गावं दुसऱ्या बाजूला, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंची तुलना. आईचं शिक्षण, घरची परिस्थिती असे फरक हिशेबात धरल्यावर जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांमध्ये मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. सोप्या भाषेत सांगायचं, तर सारख्याच वयाच्या, सारख्याच परिस्थितीतल्या मुलांपैकी तिकडे दहा जात असतील तर इकडे सात.

१७६ वरून तीसच्या खाली, यापुढे ३० टक्के हा आकडा लहान वाटतो ना? मलाही वाटला होता. पण पहिल्या आकड्यात काळाने केलेला बदलही मिसळलेला आहे, आणि दुसरा तो वेगळा काढायचा प्रयत्न करतो. म्हणून तो जास्त भरवशाचा. तरी अडचणी उरतातच. प्रकल्पाची गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि अभ्यास मागे वळून केलेला होता. म्हणजे बायकांना विचारायचं, तुम्हाला मुलं किती झाली, कधी झाली, त्यातली किती राहिली.

इथे थांबा. हा ३० टक्क्यांचा आकडा अशा मुलाखतींतूनच तयार झालाय. एकेका उंबऱ्यावर बसून एकेका बाईने आपल्या आठवणीतून जे सांगितलं, त्याची ती बेरीज आहे.

आजी म्हणाली, चार

हे वाचलं तेव्हा मी शहाणपणा करायचं ठरवलं. माझी आजी कर्जत तालुक्यातली. म्हटलं, घरातच सराव करू. फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, “आजी, तुला मुलं किती?”

“चार,” आजी म्हणाली. मी लिहिलं, चार.

मग जन्माची सालं विचारायला लागले. आजीला साल सांगता येईना. “तुझा थोरला काका सुकडीच्या साली झाला,” म्हणाली. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीच्या कामावर सुकडी वाटायचे तेव्हा. “धाकटी आत्या इंदिरा गांधी गेल्या त्याच्या आधीच्या दिवाळीत.” मी मनातल्या मनात खूश झाले, कारण लोकसंख्याशास्त्रात हीच पद्धत शिकवतात. साल आठवत नसेल तर दुष्काळ, निवडणूक, भूकंप अशा खुणा द्यायच्या आणि त्यांच्या आधी-नंतर विचारायचं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. बोलणं भलतीकडे गेलं, पाण्याकडे, विहिरीकडे. बाविसाव्या मिनिटाला आजी मध्येच थांबली. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, “काकाच्या पाठीवर एक पोरगी होती. बारशाच्या आधीच गेली. ती धरायची का?”

मी काय उत्तर दिलं ते टेपवर नीट ऐकू येत नाही. “हो आजी, धरायची,” असं काहीतरी असावं.

आता हाच प्रश्न अभ्यासाला लावून बघा. चांगल्या सर्वेक्षणात “मुलं किती” या एकाच प्रश्नावर कधी भागवत नाहीत. घरात राहणारी किती, बाहेर राहणारी किती, जन्मून वारलेली किती, असं वेगवेगळं विचारतात. एवढ्यावरही “नाही” उत्तर आलं तर पुन्हा विचारतात, की रडलेलं किंवा जिवंत असल्याची खूण दिसलेलं, पण नंतर न राहिलेलं बाळ होतं का? हा शेवटचा प्रश्न माझ्या आजीसारख्यांसाठीच आहे. नाव ठेवायच्या आधी गेलेलं मूल मोजायचं असतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

विसरली जातात ती बहुधा पहिल्या काही दिवसांतली मुलं. जामखेडचा ३० टक्क्यांचा निष्कर्ष पहिल्या महिन्यानंतरच्या मृत्यूंबद्दल आहे, म्हणजे जिथे आईची आठवण त्यामानाने पक्की असते. आणखी एक शक्यता विचारात घ्या. आरोग्य कार्यकर्तीशी वर्षानुवर्षं मोकळेपणाने बोललेल्या बायका गेलेल्या मुलांबद्दल जास्त सांगत असतील, तर खरा फरक ३० पेक्षा मोठा असू शकतो. उलट, प्रकल्पाचं बरं दिसावं म्हणून कमी सांगत असतील तर छोटा. कुठलं खरं, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी मुलाखत कशी घेतली, कोणी घेतली, कुणासमोर घेतली, ते बघावं लागतं.

पहिल्या महिन्याचं काम गडचिरोलीत वेगळ्या पद्धतीने झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने मागे वळून विचारण्यापेक्षा गावोगावी जन्म-मृत्यू घडतील तसे नोंदवायची व्यवस्था उभी केली. ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं मांडलं. पण बाळ कशाने गेलं, हे ठरवायला तिथेही आईलाच विचारावं लागलं. श्वास जोरात चालला होता का, दूध ओढत होतं का, अंग गार पडलं होतं का? याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. म्हणजे आईच्या बोलण्यातून मृत्यूचं कारण शोधायचं.

मुक्ताबाई नेमकं काय म्हणाल्या?

जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी मोठ्या डॉक्टरांची आणि आपल्यासारख्या बायकांची तुलना केली. झुंबर सुंदर, पण महाग आणि हाती न येणारं. साधी पणती मात्र दुसरी पणती पेटवू शकते. जगभरच्या आरोग्यविषयक लेखनात हे भाषण इंग्रजीत पुन्हा पुन्हा छापलं जातं.

इथे मी, एक मराठी विद्यार्थिनी, आपल्याच जिल्ह्यातल्या बाईचे शब्द इंग्रजीतून मराठीत आणतेय. त्या ‘पणती’ म्हणाल्या, ‘दिवा’ म्हणाल्या की ‘चिमणी’? चिमणी म्हणजे रॉकेलची, गरिबाच्या घरातली. पणती म्हटलं की दिवाळी आठवते. अर्थ बदलतो. म्हणून मूळ भाषेतलं रेकॉर्डिंग जपणं हा संशोधनाचाच भाग आहे. लंडनमध्ये वेलकम संस्थेने १९९० च्या दशकापासून वैद्यकातल्या जुन्या माणसांना एकत्र बसवून त्यांचं बोलणं टेप करून, शब्दशः उतरवून छापलं. आपल्याकडे या कामाची पहिली पिढी आता म्हातारी झाली आहे. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ साली. ज्या बायकांनी गावात मीठ-साखरेचं पाणी नेलं, त्यांच्यापैकी ज्या आज आहेत त्या ऐंशीच्या घरात असतील.

तुम्ही मुलाखत घ्यायला जाल तेव्हा

परवानगी आधी घ्या, आणि तीही रेकॉर्डिंगवर. साल विचारू नका, खूण विचारा. बाईंना एकटीने बोलता येईल अशी जागा बघा. सासू, नवरा, सरपंच समोर असले की उत्तरं बदलतात. आधी मराठीत जशीच्या तशी उतरवा, इंग्रजी नंतर. ‘हगवण’ म्हणाल्या असतील तर ‘हगवण’च लिहा, ‘अतिसार’ करू नका. गप्प बसल्या तर तेवढे सेकंद लिहून ठेवा. मग जे ऐकलं ते ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीशी ताडून बघा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, तरी घरी झालेल्या कित्येक जन्मांची नोंद सापडत नाही. नोंदवही आणि आठवण जुळत नसेल तर दोन्ही लिहा, आणि का जुळत नाही ते शोधा. कित्येकदा प्रबंधाचा विषय तिथेच सापडतो.

मी आजीच्या मुलीची नोंद शोधली. सापडली नाही. माझ्या वहीत आधी लिहिलेलं ‘चार’ मी खोडलं नाही. त्याच्यापुढे ‘पाच’ लिहिलं आणि रेकॉर्डिंगचं मिनिट टाकलं, २२.